थांबलेल्या पोलादाची चाल

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं लोखंडाशी काय काम? प्रश्न रास्त आहे. मी वेल्डर नाही, शिल्पकारही नाही. पण गती म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात अडीच हजार वर्षं पडून आहे, आणि रस्त्याकडेला पोलादाचं एक अमूर्त शिल्प गतीवर उभं करायचं म्हटलं, की तोच प्रश्न हातात कटर घेऊन समोर येतो. तिथे शब्दांनी सुटका होत नाही. पट्टी एक तर इकडे वाकवावी लागते, नाही तर तिकडे.

आपण एक कल्पना करू. नांदगावकडून देवगड-निपाणी रस्त्याने गाडी येते आहे, जामसंडे जवळ आलं आहे. गाव सुरू होण्याआधी डाव्या हाताला, रस्त्यापासून चांगलं आत, एक शिल्प उभं करायचं आहे. पोलादाचं, माणसाएवढं नव्हे, चांगलं उंच. विषय गती. असं शिल्प तिथे आज नाही. मी तुमच्यासमोर ते बांधून बघणार आहे.

पहिली अडचण लोखंडाची नाही, आपल्या सवयीची आहे. आपल्याकडे चौकात काही उभं राहिलं की पहिला प्रश्न असतो, ‘हा कोणाचा?’ पुतळा कोणाचा तरी असतो. त्याला जयंती असते, हार असतो, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारी माणसं असतात. अमूर्त शिल्प कोणाचंच नसतं. त्याच्यापुढे आपला माणूस उभा राहून विचारणार, ‘ह्यां काय?’ आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘कोणाचा’ याचं उत्तर पाटीवर लिहिता येतं, ‘काय’ याचं येत नाही. ते बघूनच काढावं लागतं.

अमूर्त या शब्दाने एक घोटाळा केला आहे, तो आधी दूर करू. अमूर्त म्हणजे आकार नसलेलं, हवेतलं, असं आपण धरून चालतो. पण ज्याचं वजन दोन टन आहे आणि जे अंगावर पडलं तर माणूस मरेल, ते अमूर्त कसं? अर्थ इतकाच, की ते कशाची नक्कल नाही. घोडा नाही, होडी नाही, पक्षी नाही. घोड्यातून घोडा काढून टाकला आणि धावणं तेवढं ठेवलं, तर जे उरेल ते आपल्याला हवं आहे.

आता घोड्याचंच घ्या. अलिबागजवळच्या सासवण्याचे नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात १९२८ साली उभा राहिला. त्यातला घोडा थांबलेला नाही, असं कोणीही सांगेल. पण तिथे बघणाऱ्याची मोठी मदत होते. आपण घोडे पाहिलेले असतात, घोडा दिसला की त्याची चाल आपण आपल्या पदरची घालतो. अमूर्त शिल्पाला ही उधारी मिळत नाही. त्याला गती स्वतःच्या अंगातून उभी करावी लागते.

आणि ती मुळात करता येते का? ग्रीक झेनोने म्हटलं, की सुटलेला बाण प्रत्येक क्षणी आपल्याएवढ्याच जागेत असतो; म्हणजे प्रत्येक क्षणी तो स्थिर असतो; मग तो हलतो केव्हा? आपल्याकडे नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात हाच धागा वेगळ्या बाजूने ओढला. जे अंतर चालून झालं तिथे चालणं नाही, जे अजून चालायचं आहे तिथेही नाही, आणि या दोहोंखेरीज ‘चाललेलं’ असं तिसरं काही हाताला लागत नाही. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसायचे आणि वर्गातून चालत बाहेर जायचे! पण शिल्पकाराची गोची बघा. झेनोपाशी उडणारा बाण होता आणि त्याला तो स्थिर ठरवायचा होता. शिल्पकारापाशी फक्त स्थिर वस्तू आहे आणि त्याला ती उडवायची आहे.

या प्रश्नावर छायाचित्रणाने एक चांगला उजेड टाकला. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ साली एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र काढलं. त्यात घोड्यांचे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, आणि घोडे हवेत. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने दौडत्या घोड्याचे एकामागून एक फोटो घेतले, तेव्हा कळलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. ताणलेले असताना नव्हे. म्हणजे जेरिको चुकला? शिल्पकार रोदँचं म्हणणं उलट होतं. त्याच्या मते चित्रकार खरा आणि फोटो खोटा, कारण प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही. चित्रकाराने एका शरीरात दोन वेगळे क्षण गुंफले, म्हणून घोडा धावताना दिसतो. फोटोने एकच क्षण कापून घेतला, म्हणून तो हवेत गोठल्यासारखा दिसतो.

मला यातून एवढंच घ्यायचं आहे: डोळा क्षण बघत नाही. तो ‘आत्ताच काय होतं’ आणि ‘आता काय होणार’ या दोन्हींच्या मधलं बघतो. इटलीच्या बोच्चोनीने १९१३ साली चालणारी एक आकृती घडवली. तिच्या पोटऱ्यांमागे, मांड्यांमागे जणू मागची हवासुद्धा धातूची होऊन फडफडते आहे. आज इटलीच्या २० सेंटच्या युरो नाण्यावर ती आहे. त्यात पाऊल पुढे टाकलेलं आहेच, शिवाय आधीच्या पावलाची शेपटीही आहे.

पण गती म्हटली की एकच प्रकारची का? इथे माझ्या जुन्या ओळखीची वैशेषिक मंडळी उपयोगी पडतात. वैशेषिक दर्शनात कर्म या शब्दाचा अर्थ पापपुण्य असा नाही. कर्म म्हणजे निव्वळ हालचाल. आणि तिचे पाच प्रकार आहेत. उत्क्षेपण म्हणजे वर फेकणं, अवक्षेपण म्हणजे खाली टाकणं, आकुंचन म्हणजे आवळणं, प्रसारण म्हणजे पसरणं, आणि गमन म्हणजे बाकी सगळं जाणं-येणं. गरगर फिरणं, वाहणं, ज्वाळेचं वर जाणं, आडवं सरकणं हे सारं गमनात टाकलेलं आहे. तर्कसंग्रह वाचलेल्यांना ही यादी पाठ असते, पण ती परीक्षेपुरती. ती शिल्पकाराच्या हातात दिली तर?

आपल्या किनाऱ्यावर उभं राहून बघा. उखळात मुसळ वर जातं, खाली येतं; ही दोन कर्मं झाली, आणि खुद्द वैशेषिक सूत्रांतही मुसळाचंच उदाहरण आहे. रापण ओढताना पन्नास माणसांच्या दोन रांगा दोर खेचत जवळ येतात, समुद्रातला मोठा अर्धगोल लहान लहान होत जातो. याहून मोठं आकुंचन कुठे बघायला मिळणार? आणि खाडीच्या कडेला फेकायचं जाळं घेऊन, पाग म्हणतो ते, एकटा माणूस कंबरेपर्यंत पाण्यात उभा असतो. तो अंगाला एक पीळ देतो, हात सोडतो, आणि दोरीचा तो चोळामोळा हवेत उघडून गोल होतो. कडेची शिशाची वजनं बाहेर धावतात, मधली सुतं मागून ओढली जातात. दीड-दोन सेकंद. मग ते पाण्यावर पडतं आणि संपतं. हे प्रसारण.

मी शिल्पासाठी हेच निवडीन. लाट निवडणार नाही. समुद्राकाठी लाटेचं शिल्प हा पहिला विचार असतो आणि पहिला विचार बहुधा सगळ्यांचा सारखाच असतो. शिवाय खरी लाट दोन किलोमीटरवर असताना लोखंडाची कोण बघेल?

आता या जाळ्यातून जाळं काढायचं. सुतं, गाठी, शिसं, माणूस, सगळं बाजूला. काय उरलं? एका बिंदूतून निघून पसरत जाणाऱ्या रेषा. पाच पट्ट्या घेऊ. प्रत्येक सहा मीटर लांब, चाळीस सेंटीमीटर रुंद, सगळ्या एकाच बुडातून निघणाऱ्या, पंख्यासारख्या. हा पंखा रस्त्याला समांतर उभा. पट्ट्या समान अंतरावर लावल्या तर काय होईल? कुंपण होईल. फार तर सूर्योदयाचं चिन्ह होईल. गती येणार नाही, कारण डोळ्याला पुढचं काही ओळखायचं उरत नाही.

गॅलिलिओने दाखवलं होतं, की वरून सोडलेली वस्तू समान वेळात जी अंतरं कापते ती एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. पडण्याचा हा हिशोब आपल्या डोळ्याला पाठ आहे, आपल्याला तो येतो हे ठाऊक नसलं तरी. झाडावरून सुटलेला आंबा झेल्यात घेणारा माणूस दुसरं काय करतो? तर पट्ट्यांमधले कोन याच प्रमाणात ठेवू: ६ अंश, १८ अंश, ३० अंश, ४२ अंश. पहिली पट्टी उभ्या रेषेच्या जराशी मागे झुकलेली, म्हणजे हात मागे नेल्यासारखी. दुसरी तिला जवळजवळ चिकटून. तिसरी सरळ. चौथी पुढे निसटलेली. पाचवी इतकी लांब गेलेली की जमिनीला टेकायला आली आहे. कागदावर पाच रेघा ओढून बघा, घरी गेल्यावर. पेन्सिल उचलायच्या आधी सहावी रेघ कुठे पडेल ते तुम्हाला दिसेल, आणि ती पडलेली नाही याची जरा रुखरुख लागेल. शिल्पातली गती ती रुखरुख आहे.

आणखी एक गंमत. हीच पट्ट्यांची रांग उलटीकडून वाचली तर सात, पाच, तीन, एक अशी होते. म्हणजे वेग कमी होत जातो. गावात शिरणारी गाडी वेग कमी करत येते, गावाबाहेर पडणारी वाढवत जाते. तेव्हा पंखा असा ठेवायचा, की पसरलेली बाजू नांदगावकडे असेल. येणाऱ्याला शिल्प आवरतं घेतल्यासारखं वाटेल, जाणाऱ्याला सोडून दिल्यासारखं. लोखंड तेच.

इथे आपण मुद्द्याच्या गाभ्याशी आलो. संग्रहालयात शिल्प बघायला माणूस थांबतो. रस्त्याकडेला शिल्प थांबलेलं असतं आणि माणूस जात असतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. शंभर मीटरवरून शिल्प दिसायला लागलं तर एसटीच्या खिडकीतल्या माणसाला ते नऊ सेकंद मिळतं, आणि अगदी समोरून मिळतं ते दोन सेकंद. हे दोन सेकंद वाया घालवायचे नाहीत. आपला पंखा रस्त्याला समांतर आहे, त्यामुळे लांबून पाचही पट्ट्या एकमेकींआड लपतात आणि फक्त एक खांब दिसतो. विजेचा असेल, असं वाटावं. गाडी जवळ येते तसा तो खांब फुटू लागतो, एकाचे दोन, दोनाचे पाच. बरोबर समोर आल्यावर पुरा उघडतो. आणि गाडी पुढे गेली की पुन्हा मिटून खांब होतो. दीड-दोन सेकंदांत जाळं हवेत उघडलं आणि पाण्यात पडलं. शिल्पाने काहीच केलं नाही, केलं ते एसटीच्या ड्रायव्हरने.

म्हणजे मघाचा झेनोचा प्रश्न आपण सोडवला नाही, त्याला बाजूने वळसा घातला. गती वस्तूत आहे की बघणाऱ्यात, असं विचारलं तर उत्तर येतं की दोघांच्या मधल्या रस्त्यात.

पण या युक्तीला एक धोका आहे, आणि तो न्यूयॉर्कमध्ये एकदा चांगला गाजला. रिचर्ड सेरा हा मोठा शिल्पकार. त्याने १९८१ साली तिथल्या सरकारी कचेऱ्यांसमोरच्या फेडरल प्लाझा या मोकळ्या जागेत पोलादाची एक वक्र, जराशी कललेली भिंत उभी केली; १२० फूट लांब, १२ फूट उंच. कल्पना हीच, की चालणारा माणूस चालता चालता शिल्प घडवेल, पावलागणिक ते बदलेल. पण तिथे रोज कामाला येणाऱ्यांना चौक ओलांडताना त्या भिंतीला वळसा घालून जावं लागे. तक्रारी झाल्या, जाहीर सुनावणी झाली, खटला झाला, आणि १९८९ साली भिंत कापून काढून नेली. कलावंतांनी याला अन्याय म्हटलं, आणि कायद्याच्या बाजूने त्यात काही तथ्यही असेल. माझं मत तिथल्या कारकुनांच्या बाजूने झुकतं. बघणाऱ्याच्या गतीवर शिल्प उभं करायचं तर ती गती आधी त्याची आहे, हे विसरून चालत नाही. त्याला कुठेतरी पोचायचं आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं, त्यामागेही हाच साधा विचार आहे. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं, रस्त्यापासून चांगलं आत. वळणावर नको. आणि पोलाद आरशासारखं चकचकीत नको; संध्याकाळी देवगडकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांवर आधीच समोरून ऊन असतं, त्यात आणखी एक सूर्य बाजूने नको.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ हलणारं शिल्पच करा की. वारा फुकट आहे. खरं आहे. चंदीगडचा ‘ओपन हँड’, ल कार्बुझिएची कल्पना आणि त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी १९८५ साली पुरा झालेला, तो प्रचंड धातूचा पंजा वाऱ्याबरोबर फिरतो. अमेरिकेत जॉर्ज रिकी याने स्टेनलेसची लांब पाती अशी तोलून धरली, की झुळकीनेही ती डुलतात. काल्डरची टांगती शिल्पं तर सर्वांना ठाऊक आहेत. मग आपण का नको? कारण चंदीगडला समुद्र नाही. जे फिरतं त्याला बेअरिंग लागतं, बेअरिंगला वंगण लागतं, वंगणाला माणूस लागतो, आणि माणसाला महिन्याच्या महिन्याला कोणीतरी पाठवावं लागतं. देवगडच्या सड्यावरच्या पवनचक्क्या आपण पाहिल्या आहेत. फिरणारी पवनचक्की बघत राहावीशी वाटते. थांबलेल्या पवनचक्कीकडे बघून माणूस लगेच विचारतो, बंद का आहे? फिरण्यासाठी केलेली वस्तू थांबली की ती मोडलेली दिसते. थांबण्यासाठीच केलेल्या वस्तूला ती भीती नाही.

पण थांबणं म्हणजे काही न करणं, असं समजू नका. आता वाऱ्याचा हिशोब करू, अवघड नाही. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, त्याचा वर्ग करा, त्याला ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरवर तेवढे न्यूटन दाब. सेकंदाला २० मीटर वारा असेल तर २४० न्यूटन. वेग दुप्पट, ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर झाला, तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो: ९६० न्यूटन, म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण ९८ किलोचा रेटा. असा वारा रोज येत नाही. पण मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा कलमं आणि कौलं कशी गेली ते इथे कोणाला सांगायला नको. आपल्या पाच पट्ट्या मिळून बारा चौरस मीटर. वारा आडवा आला तर जवळजवळ बाराशे किलो रेटा, जमिनीपासून सरासरी अडीच मीटर उंचीवर. म्हणजे शिल्पाला मुळातून उलथवायला बघणारी तीन टन-मीटरची ताकद. तिला उत्तर म्हणून दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल काँक्रीटचा ठोकळा धरा. त्याचं वजन साडेनऊ टनांच्या आसपास जातं. दोन टनांचं शिल्प, आणि त्याच्याखाली साडेनऊ टन कोणाला न दिसणारं. प्रत्यक्षात स्ट्रक्चरल इंजिनिअर यात आणखी गुणक घालील, जांभ्याखाली कातळ आहे की माती ते तपासून घेईल. त्याची सही झाल्याशिवाय कोणी पहार उचलू नये.

वाऱ्यासंबंधी वैशेषिकांचा आणखी एक शब्द सांगतो, कारण तो आपण रोज वापरतो आणि कुठून आला ते विसरलो आहोत. संस्काराचे त्यांनी तीन प्रकार मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. बाण धनुष्यातून सुटल्यावर पुढे जात राहतो तो वेग. पाहिलेलं आठवतं ती भावना. आणि वाकवलेली फांदी सोडली की पूर्वीच्या जागी येते, ते स्थितिस्थापक. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात स्थितिस्थापकता असते ती इथून आलेली. पोलादाचा मोठा गुण हाच. सहा मीटरची पट्टी वादळात टोकाला थोडी झुकेल आणि परत येईल, झुकू द्यावी. ती अजिबात हलू नये म्हणून जाड करत गेलात तर वजन वाढतं, आणि पट्टीचा सुळसुळीतपणा जाऊन ओंडका दिसायला लागतो. रोज घासणारा मंद वारासुद्धा पट्टीच्या दोन्ही कडांमागे आळीपाळीने भोवरे सोडतो आणि पट्टी थरथरते. ती थरथर वर्षानुवर्षं चालली की बुडाच्या वेल्डला तडा जातो. म्हणून पट्टी बुडाशी रुंद-जाड आणि टोकाकडे निमुळती. डोळ्यालाही तेच हवं असतं, हा योगायोग नसावा.

धातू कोणता? साधं लोखंड रंगवून लावलं तर पहिल्या दोन पावसाळ्यांत रंगाच्या पापुद्र्याखालून तांबडे ओघळ सुटतील. हल्ली गंजाच्या रंगाचं कॉर्टेन पोलाद फार आवडतं लोकांना, सेराचंही तेच होतं. त्याच्यावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. पण खाऱ्या हवेत तो थर घट्ट बसतच नाही, गंज खातच राहतो. समुद्राकाठी ते मी लावणार नाही. उरलं स्टेनलेस. त्यातही आपल्या स्वयंपाकघरातलं ३०४ इथे पुरत नाही. ३१६ लागतं, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला तोंड देतं. तरीही धुतलं नाही तर त्याच्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकं मीठ कमी धरतं. खरखरीत घासलेला दिसायला छान, पण मिठाला त्या चरांत घर मिळतं. मघाशी चकचकीत नको म्हटलं, आता खरखरीत नको म्हणतो; तेव्हा बारीक, मंद पॉलिश, आणि त्याच्या रेषा उभ्या, म्हणजे पावसाचं पाणी मीठ घेऊन खाली उतरेल.

कामाचा क्रम थोडक्यात. आधी पुठ्ठा आणि तार घेऊन हातभर नमुना. तो टेबलावर ठेवून डोळा टेबलाच्या पातळीला आणायचा आणि समोरून चालत जायचं, कारण वरून बघितलेला नमुना फसवतो. मग बांबू आणि प्लायचा पूर्ण उंचीचा सांगाडा, जागेवर, चार दिवस. आणि त्या चार दिवसांत एसटीने दोन्ही दिशांनी जायचं. मग प्लेट कापणं, रोलवर वाकवणं, वेल्डिंग. लांब वेल्ड एका दमात मारला तर पत्रा तापून ओढला जातो आणि पट्टीला नको तो पीळ बसतो. म्हणून थोडं इथे, थोडं तिथे, आळीपाळीने. आपल्याकडे खिडक्यांचे ग्रिल आणि बोटींची कामं करणारे कारागीर आहेत, त्यांना हे मला विचारायची गरज नाही. स्टेनलेसच्या कामाला साध्या लोखंडाचा ग्राइंडर मात्र लावू नये. त्याचे कण रुतून बसतात आणि तिथून गंज सुरू होतो. सांधे आतून बंद. आणि नट, बोल्ट, वॉशर सगळं ३१६च. स्टेनलेसच्या शिल्पाला साधे बोल्ट लावले तर ओल्या मिठात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि बोल्ट खाल्ला जातो. शिल्प शाबूत, बोल्ट गेला!

इथे मला मालवणचं नाव घ्यावं लागतं. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्याआधी काही दिवस नटबोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्याच्या अभियंत्याने पत्राने कळवलं होतं, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलं. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, मोठा पुतळा उभा राहिला. मला त्या वादात जायचं नाही. पण त्या दिवशी या जिल्ह्यातल्या माणसाला जे वाटलं ते रागापेक्षा वेगळं होतं. जे कायम उभं राहणार असं आपण धरून चाललो होतो, ते पडताना दिसलं. यापुढे सिंधुदुर्गात कोणी काहीही उभं करायचं म्हटलं, अगदी पाच पट्ट्यांचं अमूर्त काहीतरी, तरी लोक वर बघायच्या आधी बुडाशी बघणार. आणि बघावंच. तेव्हा बुडाचे बोल्ट फरशीखाली गाडून टाकू नका. ते उघडे ठेवा, पाना बसेल असे ठेवा.

राहिला प्रश्न माणसांचा. पाचवी पट्टी टोकाला जमिनीपासून दोन मीटरपेक्षाही खाली येते. तिच्यावर मुलं लोंबकळणार, हे गृहीत धरा. पाच मुलं म्हणजे दीडशे किलो, तो भार इंजिनिअरला आधीच सांगा, आणि कडा गोल करून घ्या. कुंपण घालू नका. बॅनर बांधला जाईल, तेव्हा दोरी अडकेल असं भोक किंवा हूक कुठे ठेवू नका. निमुळत्या पट्टीवर गाठ घसरते. पाटीवर नाव घालायचं का? माझं मत विचाराल तर शिल्पकाराचं नाव, साल, धातू, इतकंच. ‘गती’ किंवा ‘प्रगती’ असं काही लिहिलंत, की बघणारा वाचून मोकळा होतो. जाळं टाकणाऱ्याला ते जाळं वाटेल, कोणाला माडाची झावळी वाटेल, कोणाला हाताची बोटं. वाटू द्या.

आणि नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्याच्या नावावर दर वर्षी एक रक्कम असली पाहिजे. मोठी नाही. वर्षातून चारदा गोड्या पाण्याने धुणं, एवढंच. पावसाळ्यात पाऊस ते काम करतो. खरी गरज डिसेंबर ते मे, जेव्हा वारा मीठ आणतो आणि पाऊस ते नेत नाही. धुताना माणूस खाली वाकेल, तेव्हा त्याच खेपेला बोल्टही बघून घेईल. प्रश्न असतील तर आता घेऊ या.